स्त्रियांचा हृदयविकार आणि उपकेंद्रातील परिचारिका : कोकणात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. तरीही कोकणातल्या गावात ‘हार्टचा त्रास’ म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो मुंबईची नोकरी संपवून गावी आलेला, बिडी ओढणारा पुरुष. त्याच घरातली बाई धाप लागते म्हणू लागली, तर रक्त कमी असेल, पित्त झाले असेल, वयच झाले, अशी कारणे घरच्यांना आधी सुचतात आणि कधीकधी दवाखान्यातही तीच उचलून धरली जातात. उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एएनएम, स्टाफ नर्स आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. औषध कोणते आणि किती हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. पण त्यांच्यापर्यंत योग्य बाई योग्य वेळी पोहोचणे, आणि पोहोचल्यानंतर तिची गोळी चालू राहणे, या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी परिचारिकेच्या हातात असतात.

हे काम मोठ्या यंत्रांवाचून होते, याचा भरवसा सुरुवातीलाच असावा. ५२ देशांतील रुग्णांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात असे दिसले की स्त्रियांतील पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा ९० टक्क्यांहून अधिक धोका नऊ घटकांशी जोडता येतो: धूम्रपान, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे व भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्य. यांतील चरबीची तपासणी सोडली, तर बाकी सगळे उपकेंद्राच्या टेबलावर, एका टेपने, एका रक्तदाबमापकाने, ग्लुकोमीटरने आणि नीट विचारलेल्या प्रश्नांनी कळू शकते.

पहिली पायरी : दोन नोंदवह्या शेजारी ठेवाव्यात

उपकेंद्रात बाईची माहिती दोन ठिकाणी असते. गरोदरपण आणि बाळंतपण माता नोंदवहीत व माता-बाल संरक्षण कार्डावर. तिशीनंतरची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी असंसर्गजन्य आजारांच्या नोंदीत. दोन्ही नोंदी बहुधा एकाच हाताने भरल्या जातात, पण एकत्र वाचल्या जात नाहीत. बाळंतपणानंतर बेचाळीसाव्या दिवसाची भेट झाली की पहिली नोंद बंद होते, आणि दुसरी बाईच्या तिसाव्या वर्षानंतर कोऱ्या पानाने सुरू होते. नव्या परिचारिकेने प्रथम हाती घ्यावे असे काम माझ्या मते हेच आहे, कारण मधल्या काळात जे हरवते तेच बाईच्या हृदयाविषयी सर्वांत आधी मिळालेले संकेत असतात.

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते आणि हृदयाला एरवीपेक्षा कितीतरी अधिक काम करावे लागते. ज्या बाईच्या रक्तवाहिन्यांत किंवा साखरेच्या नियंत्रणात पुढे बिघाड होण्याचा संभव असतो, तिच्यात तो याच काळात प्रथम डोके वर काढतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा दिसेनासा होतो. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आणि लघवीत प्रथिने, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, झालेल्या बाईला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका इतर बायकांच्या सुमारे दुप्पट, तर हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे चौपट असतो. गरोदरपणातील मधुमेह बाळंतपणानंतर गेला असे वाटले, तरी त्या बाईला कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली असते. अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण हाही असाच एक संकेत आहे.

म्हणून रुजू झाल्यावर सवड काढून मागील चार-पाच वर्षांची माता नोंदवही पानापानाने वाचावी आणि ज्या नावांपुढे रक्तदाब, झटके (फिट येणे), साखर किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती अशी नोंद आहे, ती नावे एका वेगळ्या वहीत उतरवून घ्यावीत. अशा बाईचा रक्तदाब बाळंतपणानंतर पहिल्या तीन दिवसांत, मग साधारण आठवडा ते दहा दिवसांनी, आणि त्यानंतर बाराव्या आठवड्यात मोजलाच पाहिजे. बारा आठवड्यांनंतरही तो १४०/९० च्या वर राहिला, तर गरोदरपणातला तात्पुरता रक्तदाब म्हणून सोडून न देता तिला उच्च रक्तदाबाची रुग्ण म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी सहाव्या आठवड्यात पुन्हा करून घ्यावी. दोघींचाही रक्तदाब आणि साखर, वय तिशीखाली असले तरी, वर्षातून एकदा तपासावी. आशाताईंच्या घरभेटी बेचाळीसाव्या दिवसापर्यंत असतातच. ती शेवटची भेट या बायकांच्या बाबतीत पुढच्या तपासणीची तारीख देण्याची भेट ठरवावी. तिला पुन्हा दिवस राहिले तर नोंदणी पहिल्या तिमाहीतच करून मागचा इतिहास डॉक्टरांसमोर ठेवावा, कारण प्रीएक्लॅम्प्सिया पुन्हा होऊ नये यासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची की नाही हा निर्णय सोळाव्या आठवड्याच्या आत घ्यावा लागतो.

यात एक अडचण हमखास येते. पहिले बाळंतपण माहेरी होते. सासरच्या उपकेंद्रातील नोंदवहीत म्हणून त्या बाईचे पानच नसते, आणि कित्येकींची प्रसूती मुंबईच्या महापालिका रुग्णालयात झालेली असते. तेव्हा नवी सून गावात आली, किंवा मुंबईचे कुटुंब गावी स्थायिक झाले, की मुलाच्या लसीकरणाच्या निमित्ताने कार्ड मागून घ्यावे आणि त्यातील आईच्या तपासणीचे पान स्वतः पाहावे. मुलाचे लसीकरण संपेपर्यंत हे कार्ड घरात जपून ठेवलेले असते, त्यानंतर ते सापडण्याची फारशी आशा धरू नये.

पन्नाशी-साठीच्या बाईकडे कार्ड नसते. तिला आठवणीवरूनच विचारावे लागते. “गरोदरपणी पाय सुजले होते का?” या प्रश्नाला बहुतेक जणी हो म्हणतात आणि नुसत्या सुजेवरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा “बाळंतपणात झटके आले होते का? प्रेशर वाढले म्हणून तालुक्याला किंवा रत्नागिरीला नेले होते का? बाळ दिवस भरण्याआधी झाले का?” असे विचारले, तर नेमके उत्तर मिळते, कारण गाडी करून रात्री नेल्याचा प्रसंग बाई आणि तिची सासू दोघी विसरत नाहीत. पाळी कोणत्या वर्षी गेली आणि पिशवी काढली आहे का, हेही त्याच ओघात विचारावे. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल, किंवा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले असतील, तर हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा लवकर वाढू लागतो. पीसीओडी आणि सांधे कायम सुजवणारा आमवात यांचीही नोंद करावी.

दुसरी पायरी : मशेरीचा प्रश्न वेगळा विचारावा

तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा सीबॅक, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचा धोका जोखणारा, फॉर्म आशाताई भरतात. त्यात वय, तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजार यांना गुण असतात आणि चारपेक्षा अधिक गुण झाले की तपासणीत त्या व्यक्तीला अग्रक्रम द्यायचा असतो. तंबाखूच्या रकान्यात बायकांच्या नावापुढे बहुधा ‘नाही’ असते. ही नोंद तशीच मान्य करू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील अनेक बायका सकाळी दात घासण्यासाठी तंबाखू भाजून केलेली मशेरी वापरतात, काही जणी दिवसातून तीन-चार वेळा लावतात, आणि ती न लावता पोट साफ होत नाही असे मनापासून सांगतात. तंबाखू खाता का, असे विचारले तर त्यांचे ‘नाही’ हे उत्तर त्यांच्या समजुतीप्रमाणे खरेच असते. म्हणून “काकी, दात कसल्यान घासतास?” असे साधे विचारावे आणि दिवसातून किती वेळा, कोणत्या वयापासून, हे पुढे जोडावे.

मशेरीतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. सोडवण्याची भाषा मात्र दटावणीची नसावी, कारण दटावले की पुढच्या वेळी बाई खरे सांगत नाही आणि परिचारिकेने स्वतःच्या हाताने आपला माहितीचा मार्ग बंद केलेला असतो. दिवसातल्या वेळा एकेक करून कमी करणे, सकाळची शेवटी सोडणे, त्या जागी साधी दंतमंजन पूड आणि उठल्यावर कोमट पाणी देणे, पहिल्या आठवड्यात चिडचिड आणि डोकेदुखी होईल हे आधीच सांगणे, आणि घरातील दुसरी मशेरी लावणारी बाई, बहुधा सासू, हिलाही त्याच दिवशी सोबत घेणे, अशा क्रमाने गेल्यास यश येण्याची शक्यता वाढते. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्राचा पत्ताही द्यावा.

चुलीचा धूर हा दुसरा न विचारला जाणारा प्रश्न. गॅस बहुतेक घरांत आला असला, तरी आंघोळीचे पाणी आणि उकड्या तांदळासाठी भात उकडणे अजून पुष्कळ घरांत लाकडावरच होते. ‘गॅस आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता धुराजवळ रोज किती वेळ जातो, ते विचारावे.

तिसरी पायरी : रक्तदाब खरा मोजावा

चुकीच्या पद्धतीने मोजलेला रक्तदाब न मोजलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावरून एखादीला विनाकारण गोळी सुरू होते किंवा गरज असलेली परत पाठवली जाते. वाडीवरून घाटी चढून आलेली, डोक्यावर मासळीची टोपली वाहून आलेली किंवा एसटी चुकू नये म्हणून घाईत असलेली बाई आल्या आल्या मोजू नये. पाच मिनिटे तिला बसवून ठेवावे. त्याआधी लघवीला जाऊन येण्यास सांगावे, कारण भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. अर्ध्या तासात चहा किंवा मशेरी घेतली असेल तर थांबावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि मोजताना बोलणे बंद. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून दंडाला करकोचा पाडण्यापेक्षा बाही काढायला लावणे बरे, आणि त्यासाठी खोलीत पडदा हवा. पडदा नसला की घाईघाईत कापडावरूनच पट्टा बांधला जातो. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावल्यास आकडा खोटा जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा मागवून ठेवावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असल्यास मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

कुटुंबनियोजनाचे कामही आपल्याकडेच असल्याने येथे एक गोष्ट जोडून सांगतो. माला-एन या गोळीत इस्ट्रोजेन असते. रक्तदाब १४०/९० च्या वर असलेल्या बाईला, किंवा पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या बाईला ती देऊ नये. पाकीट हाती देण्यापूर्वी रक्तदाब मोजण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा आणि अशा बाईला तांबी किंवा ‘छाया’ ही गोळी यांसारखे इस्ट्रोजेन नसलेले पर्याय समजावून द्यावेत.

चौथी पायरी : कंबर, साखर आणि धोक्याचा तक्ता

कंबरेचा घेर बरगडीची खालची कड आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी सैल करून मोजावा. बाईत तो ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका वाढू लागतो, आणि हे हाता-पायांनी बारीक दिसणाऱ्या बायकांनाही लागू आहे. केव्हाही घेतलेली बोटाची साखर १४० किंवा अधिक आली तर पुढील तपासणीस पाठवावे. मधुमेहामुळे हृदयविकाराचा वाढणारा धोका पुरुषापेक्षा स्त्रीत अधिक असतो. पाळी चालू आहे तोवर बाईला मिळणारे नैसर्गिक संरक्षण मधुमेह असल्यास मोठ्या प्रमाणात उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला धोक्याचा रंगीत तक्ता अनेक केंद्रांत भिंतीवर असतो. वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनाचे प्रमाण यांवरून पुढील दहा वर्षांत हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या झटक्याची शक्यता किती, हे तो रक्ताच्या तपासणीशिवायही सांगतो. तो वापरावा, परंतु त्याच्या मर्यादा ओळखून. त्यात मशेरी मोजली जात नाही, प्रीएक्लॅम्प्सिया मोजला जात नाही, लवकर गेलेली पाळी मोजली जात नाही. बेचाळीस वर्षांची, दिवसातून चार वेळा मशेरी लावणारी, दुसऱ्या बाळंतपणात झटके आलेली बाई या तक्त्यावर हिरव्या चौकोनात निर्धास्त बसलेली दिसेल. तक्त्याने दिलेला रंग आणि पहिल्या दोन पायऱ्यांत गोळा केलेला इतिहास असे दोन्ही संदर्भचिठ्ठीवर लिहिले, म्हणजे डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते.

पाचवी पायरी : आहाराविषयी बोलताना

येथे नव्या परिचारिकेचा, विशेषतः घाटावरून आलेल्या परिचारिकेचा, हात पटकन ‘मासे, नारळ, भात बंद’ या सल्ल्याकडे जातो. तो सल्ला कोणी पाळत नाही आणि पुरता योग्यही नाही. ताजा बांगडा आणि तारली हृदयाला चांगली. ती कालवणात खावीत, रवा लावून तेलात तळणे आठवड्यातून एखाद्या वेळेपुरते ठेवावे. सुक्या मासळीवरही सरसकट फुली मारू नये. उन्हात नुसते वाळवलेले बोंबील, जवळा वेगळे आणि मिठात मुरवलेला खारा बांगडा वेगळा. दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण कमी करावे, आणि करायचाच तर तो भिजत घालून ते पाणी टाकून द्यावे.

खरे लक्ष मिठावर हवे. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा आहे. पावसाळ्यासाठी केलेली बेगमीच खारट असते: लोणचे, पापड, सांडगी मिरची, खारातल्या कैऱ्या, आणि सोलकढीसाठी काढलेले आगळ, ज्यात मीठ भरपूर असते हे सहसा लक्षातच येत नाही. सोलकढी ताज्या किंवा भिजवलेल्या आमसुलाची करून चव घेतल्यावरच मीठ घालावे. सकाळच्या पेजेबरोबर लोणच्याऐवजी भाजलेल्या सुक्या मिरचीची किंवा कुळथाची चटणी, हा बदल बायका सहज स्वीकारतात. नारळाचे म्हणायचे तर ओल्या खोबऱ्यात आणि खोबरेलात संपृक्त स्निग्धांश अधिक असतो. रोजच्या वाटपाला किती नारळ जातात ते विचारून त्यातला एक भाग कमी करण्यास सांगावे, आणि एकूण खाद्यतेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आत ठेवावे. नाचणीची भाकरी, लाल माठ, पावसाळी रानभाज्या, कुळीथ हे सगळे इथलेच आहे; महागड्या ओट्सची शिफारस करण्याची गरज नाही.

व्यायामाचा उपदेश भातलावणीत दिवसभर वाकून आलेल्या बाईला करू नये. काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून काम करणाऱ्या, किंवा मुलगे मुंबईला गेल्यावर शेती सोडून दिलेल्या बाईला मात्र आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे जरूर सांगावे.

सहावी पायरी : गोळी सुरू झाली, आता ती सुटू नये

केंद्र सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम २०१० पासून आहे, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून प्रारंभी घेतलेल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. गोळ्या मोफत मिळतात आणि बहुतेक रुग्णांना त्या माहीतही असतात. तरीही महिना-दोन महिन्यांत गोळ्या बंद पडतात. रुग्ण ऐकत नाहीत, असा शेरा नोंदवहीत मारण्यापूर्वी कारण शोधावे.

बरे वाटू लागले म्हणून गोळी थांबवली, हे कारण सर्वत्र आढळते. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते. ते आधी सांगितले नसेल तर बाई मूत्रपिंड बिघडले असे समजून गोळी टाकून देते. लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’ मासळीबाजारात बसणारी बाई घेत नाही, कारण सकाळपासून दुपारपर्यंत बाजारात तिला जायला जागा नसते. हे ती डॉक्टरांना कधीच सांगणार नाही, परिचारिकेला सांगेल. मग गोळीची वेळ किंवा गोळीच बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. संकष्टी, एकादशी, नवरात्र अशा दिवशी उपवासाबरोबर गोळीही चुकते. रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची, आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईने उपवास करायचा असेल तर आधी विचारून मात्रा ठरवून घ्यायची, हे स्पष्ट सांगावे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा घरातल्या बाईला दिवसभर उसंत नसते. सणाआधीच्या भेटीत पुरतील एवढ्या गोळ्या देण्याची व्यवस्था करावी.

याच ठिकाणी वेदनाशामक गोळ्यांचाही हिशेब घ्यावा. लावणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे धरतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या जातात. त्यांनी रक्तदाब वाढतो आणि हृदयाचा व मूत्रपिंडाचा धोकाही वाढतो. दुखण्यासाठी काय घेता, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. मूल होण्याच्या वयातील बाईला रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन सुरू असेल, तर पाळी चुकताच कळवण्यास सांगावे. ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत.

तपासणी शिबिराची वेळ गावाच्या वेळेप्रमाणे ठरवावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांजवळच्या वस्त्यांतील बायका त्या काळात तुलनेने मोकळ्या असतात. पण आतल्या शेतकरी वाड्यांत तेच दिवस लावणीचे, म्हणून तेथे शिबिर ठेवले तर खुर्च्या रिकाम्या राहतात. आंब्याचा हंगाम आणि लावणी यांच्या आड न येणारा काळ तेथे निवडावा.

सातवी पायरी : त्रास घेऊन बाई दारात आली तर

छातीत मधोमध दाब, आवळल्यासारखे वाटणे, हे झटक्याचे सर्वांत नेहमीचे लक्षण स्त्रियांतही आहे. परंतु स्त्रियांत त्याच्या जोडीला, किंवा क्वचित त्याच्याशिवायही, धाप, मळमळ, घाम, जबड्यात, पाठीत किंवा खांद्यांच्या मध्ये दुखणे, आणि कारण नसताना आलेला प्रचंड थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक वेळा दिसतात. मधुमेही बाईत दुखणे अगदी सौम्य असू शकते. ‘जळजळ होते’, ‘छाती भरून येते’, ‘घाबरंघुबरं होतं’ अशा शब्दांत ती सांगेल. यापूर्वी न झालेला, श्रम केल्यावर वाढणारा किंवा घाम येऊन आलेला त्रास असेल, तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नये.

प्रथम तिला बसवावे किंवा टेकून झोपवावे, चालू देऊ नये. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि साखर पाहावी, त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहावी. १०८ ला फोन करावा आणि लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे. ईसीजीची सोय असेल तेथे दहा मिनिटांत ईसीजी काढून तो फोनवरून पाठवावा. ॲस्पिरिन चघळायला द्यायची असल्यास ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि एका बाजूची शक्ती गेली किंवा बोलणे अडखळले, म्हणजे पक्षाघाताचा संशय असेल, तर अजिबात नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. कोकणात घाट आणि अंतर लक्षात घेता मोठ्या शहरापर्यंतचा सगळा प्रवास आधी करण्यापेक्षा वाटेत ते कोठे मिळेल हे ठाऊक असणे निर्णायक ठरते. म्हणून रुजू होताच आपल्या केंद्रापासून ईसीजी कोठे, इंजेक्शन कोठे, अँजिओप्लास्टी कोठे, हे विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. दक्षिण सिंधुदुर्गातून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते, तर रत्नागिरीच्या पूर्व भागातून अनेक जण आंबा घाट चढून कोल्हापूरला नेले जातात.

घरच्यांशी बोलण्याचे कामही याच वेळी करावे लागते. नवरा किंवा मुलगा मुंबईला असतो, त्याला विचारल्याशिवाय गाडी करायची नाही असे घरातील लोक म्हणतात, आणि बाई स्वतःच ‘सकाळी बघू’ म्हणते. मुंबईला फोन आपण लावून मुलाशी थेट बोलणे हा सर्वांत लवकर मार्ग निघण्याचा उपाय असतो.

तरुण बाईच्या धापेविषयीही सावध असावे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा आकसलेल्या मुलीचा आजार पुष्कळदा गरोदरपणातच प्रथम उघड होतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही धाप लागत असेल तर लोहाच्या गोळ्या वाढवून थांबू नये, डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. तसेच नववा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात सपाट झोपता न येणे, रात्री दम लागून उठून बसणे आणि पायांना वाढती सूज हे हृदयाच्या स्नायूच्या दुर्बलतेचे लक्षण असू शकते. बाळंतिणीची सूज म्हणून ते सोडून देऊ नये.

आठवी पायरी : रुग्णालयातून परत आल्यावर

झटक्यानंतर घरी आलेल्या बाईकडे पहिल्या आठवड्यात स्वतः जावे. डिस्चार्ज कार्ड वाचून गोळ्यांची नावे, वेळा आणि कोणती किती महिने घ्यायची, हे तिला आणि घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला समजावून द्यावे. स्टेंट बसवला असल्यास रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. दात काढताना किंवा पोटात जळजळ झाली म्हणूनही नाही. अशा गोळ्या अचानक थांबल्या की स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. विहिरीचे पाणी ओढणे, हंडे वाहणे, लाकडाचा भारा डोक्यावर घेणे कधी सुरू करायचे हे तज्ज्ञांना विचारून लिहून आणावे, कारण ही कामे तिला कोणी सांगितली नाहीत तरी ती आपणहून सुरू करते. रडू येणे, झोप न लागणे, पुन्हा झटका येईल या भीतीने एकटी न राहणे, हे विचारल्याशिवाय बाई सांगत नाही. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालावे. शेवटी तिच्या मुली आणि बहिणी यांची नावे विचारून घ्यावीत. आईला किंवा बहिणीला पासष्टीच्या आत हृदयविकार झाला असेल तर त्यांचाही धोका वाढलेला धरतात. त्यांच्यापैकी जी आपल्याच कार्यक्षेत्रात राहते तिला त्याच आठवड्यात तपासणीस बोलवावे, आणि जी सासरी दुसऱ्या तालुक्यात आहे तिच्या नावाची चिठ्ठी तेथील उपकेंद्राच्या परिचारिकेकडे पाठवावी.